एटीएम कुठे असावे, हे कोण ठरवते?

एटीएम कोणत्या गावात आणि कोणत्या रस्त्यावर बसवायचे, हे आज भारतातील व्यापारी बँका बहुतांशी स्वतःच ठरवतात. ही मोकळीक त्यांना २००९ साली मिळाली. त्याआधी शाखेच्या आवाराबाहेर एकही यंत्र उभे करायचे असेल, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत असे. परवानगीची अट गेली तरी नियमन संपले नाही, त्याचे रूप पालटले. पूर्वी बँकेने कुठे जाऊ नये, हे नियम सांगत असत. आता त्यांचा रोख कुठे पोहोचायला हवे, यंत्र किती सुरक्षित असावे आणि त्यात रोकड कधी असावी, यांकडे वळला आहे. गावातील बाई आपल्या खात्यातले पैसे काढायला किती लांब जाते, हे बऱ्याच अंशी या नियमांवर अवलंबून असते.

जगातील पहिले रोकड देणारे यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेच्या शाखेत सुरू झाले. भारतात पहिले एटीएम १९८७ साली एचएसबीसी बँकेने मुंबईत बसवले. सुरुवातीची यंत्रे शाखेच्याच भिंतीत किंवा दारात असत आणि शाखेचे दार बंद झाल्यावरही पैसे मिळावेत, एवढाच त्यांचा उपयोग होता. यंत्र शाखेपासून दूर, रेल्वे स्थानकात, पेट्रोल पंपावर किंवा बाजारपेठेतील गाळ्यात जाऊ लागले, तेव्हा जागेचा प्रश्न उभा राहिला. शाखेच्या आवारातील यंत्राला ‘ऑन-साइट’ आणि आवाराबाहेरच्या यंत्राला ‘ऑफ-साइट’ एटीएम म्हणतात. नियमांचा जवळजवळ सगळा इतिहास या दुसऱ्या प्रकाराभोवती घडला आहे.

यंत्र म्हणजे शाखा का?

हा वाद सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने अमेरिकेत झाला. तेथे बँकांना शाखा उघडण्यावर पूर्वीपासून कडक बंधने होती. १९२७च्या मॅकफॅडन कायद्याने राष्ट्रीय बँकांच्या शाखांना राज्याराज्यांच्या नियमांत बांधले. ज्या राज्यात राज्याच्या बँकांना शाखा काढण्याची मुभा नव्हती, तेथे राष्ट्रीय बँकांनाही ती मिळत नसे. मोठ्या शहरांतील बलाढ्य बँकांनी लहान गावांतील बँका गिळू नयेत, ही त्यामागची भीती होती. जेथे ठेवी स्वीकारल्या जातात, चेक वटवले जातात किंवा कर्ज दिले जाते अशी जागा, ही या कायद्यातील शाखेची व्याख्या होती.

या व्याख्येची व्याप्ती किती, हे न्यायालयांना पुन्हा पुन्हा ठरवावे लागले. फ्लॉरिडातील प्लांट सिटी येथील एका राष्ट्रीय बँकेने ग्राहकांकडून पैसे गोळा करण्यासाठी चिलखती गाडी फिरवली आणि आवाराबाहेर पैसे टाकण्याची पेटी ठेवली. १९६९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही सोयींना शाखा ठरवले. यंत्रांचा प्रश्न त्यानंतर आला. जानेवारी १९७४मध्ये नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरात एका बचत संस्थेने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत आपली इलेक्ट्रॉनिक टर्मिनले बसवली, आणि बँकेबाहेर बँकेचे काम होऊ शकते हे सर्वांच्या लक्षात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणारे नियंत्रक जेम्स स्मिथ यांनी अशी यंत्रे शाखा नसल्याचा निर्णय दिला. लहान बँकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. १९७६ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियंत्रकांचा निर्णय रद्द केला आणि यंत्रही शाखाच आहे, असे सांगितले.

त्यामुळे बँकांना शाखा काढण्याची बंदी असलेल्या भागात स्वतःची यंत्रे बसवता येईनात. १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातील एका खटल्यात अपील न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली. सुपरमार्केटने स्वतः बसवलेले यंत्र एखाद्या बँकेने फक्त वापरायला घेतले, तर ती त्या बँकेची शाखा होत नाही, असा तो निकाल होता. मूळ प्रश्न १९९६ साली सुटला. त्या वर्षी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून एटीएमला शाखेच्या व्याख्येतून वगळले. तरीही आयोवा राज्याने, राज्यात कार्यालय नसलेल्या बँकांना यंत्रे बसवू न देण्याचा नियम चालूच ठेवला. युटा राज्यातील एका बँकेने त्याविरुद्ध दावा लावला. १९९९ साली अपील न्यायालयाने राष्ट्रीय बँकांपुरता तो नियम केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरवला. अशा रीतीने एका यंत्राच्या जागेचा प्रश्न सुटायला अमेरिकेत जवळपास पाव शतक लागले.

भारतातील परवानगीचा काळ

भारतातील कायद्याची भाषा अमेरिकेतील कायद्याशी बरीच मिळतीजुळती आहे. १९४९च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २३नुसार रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही बँकेला व्यवसायाची नवी जागा उघडता येत नाही. असलेली जागा त्याच शहरात किंवा गावात हलवता येते. दुसऱ्या गावी न्यायची तर परवानगी हवी. ठेवी स्वीकारल्या जातात, चेक वटवले जातात किंवा पैसे कर्जाऊ दिले जातात, अशी कोणतीही जागा या कलमात येते. परवानगी देताना बँकेची आर्थिक स्थिती, व्यवस्थापनाचा दर्जा, भांडवल, कमाईची शक्यता आणि लोकहित पाहण्याचा अधिकार कायद्याने रिझर्व्ह बँकेला दिला आहे. यातला लोकहिताचा निकष पुढे एटीएमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा ठरला.

भारतात हा वाद न्यायालयात गेला नाही. रिझर्व्ह बँकेने परिपत्रकांच्या मार्गाने तो हाताळला. शाखेच्या आवारातील यंत्र शाखेचाच भाग मानले जाई. आवाराबाहेरच्या यंत्राला मात्र स्वतंत्र परवानगी लागे. सप्टेंबर २००५मध्ये शाखा परवान्याचे धोरण बदलले आणि एकेका जागेसाठी अर्ज करण्याऐवजी बँकांनी वर्षभराची योजना सादर करावी, असे ठरले. शाखांबरोबर ऑफ-साइट यंत्रेही या योजनेत आली. २००९च्या एप्रिलमधील वार्षिक धोरणात रिझर्व्ह बँकेने पुढचे पाऊल टाकले आणि जूनमध्ये परिपत्रक काढले. प्रादेशिक ग्रामीण बँका सोडून इतर अनुसूचित व्यापारी बँकांना ऑफ-साइट एटीएमसाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. बसवलेल्या यंत्राची माहिती कळवणे मात्र बंधनकारक राहिले. एखादे यंत्र बंद करायला किंवा दुसरीकडे हलवायला सांगण्याचा अधिकारही रिझर्व्ह बँकेने स्वतःकडे ठेवला. सहकारी बँकांना ही मोकळीक सरसकट मिळाली नाही. त्यांच्या बाबतीत आर्थिक सुदृढतेचे निकष परवानगीशी जोडलेले राहिले.

मे २०१७मध्ये शाखांच्या धोरणाची आणखी एक सुधारणा झाली, तीही येथे महत्त्वाची आहे. त्या धोरणात ‘बँकिंग आउटलेट’ म्हणजे बँकिंग केंद्र ही कल्पना आली. बँकांनी वर्षभरात उघडलेल्या नव्या केंद्रांपैकी किमान २५ टक्के केंद्रे बँक नसलेल्या ग्रामीण भागात असावीत, असे बंधन घातले गेले. एटीएम, रोकड भरण्याचे यंत्र किंवा फिरती शाखा यांना या हिशेबात धरायचे नाही, हेही स्पष्ट केले गेले. त्यामुळे खेड्यात नुसते एक यंत्र बसवून बँकेला आपली ग्रामीण जबाबदारी पूर्ण झाल्याचे दाखवता येत नाही. हा नियम योग्य होता. यंत्रातून पैसे मिळतात, पण खाते उघडणे, कर्जाचा अर्ज, वारसाची नोंद किंवा तक्रार, यांसाठी समोर माणूसच लागतो.

यंत्रे शहरातच का साचतात?

परवानगीची अट गेल्यावर यंत्रे झपाट्याने वाढली; आज देशात सर्व प्रकारची मिळून सुमारे अडीच लाख एटीएम आहेत. पण ती सारख्या अंतरावर पसरलेली नाहीत. मोठ्या शहरात एकाच चौकात चार बँकांची यंत्रे शेजारी शेजारी दिसतात आणि तालुक्यातील आडवळणाच्या गावांना पैसे काढायला बाजाराच्या गावी जावे लागते. याचे कारण यंत्राच्या अर्थकारणात आहे.

प्रत्येक यंत्राला गाळ्याचे भाडे, वीज, इंटरनेट जोडणी, देखभाल, विमा आणि रोकड भरणाऱ्या कंपनीचे शुल्क असा ठरलेला खर्च असतो. त्यात पडून राहिलेल्या रोकडीवर बँकेला व्याजही मिळत नाही. उत्पन्न मात्र किती लोक यंत्र वापरतात, यावर ठरते. एका बँकेच्या ग्राहकाने दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे काढले, की कार्ड देणारी बँक यंत्राच्या मालक बँकेला ‘इंटरचेंज’ शुल्क देते. १ मे २०२५पासून हे शुल्क पैसे काढण्याच्या व्यवहारासाठी १९ रुपये आणि शिल्लक पाहण्यासारख्या व्यवहारासाठी ७ रुपये आहे. दिवसाला शेकडो व्यवहार होणाऱ्या स्थानकाबाहेरचे यंत्र यातून खर्च भागवते. मोजकेच व्यवहार होणाऱ्या गावातील यंत्राला ते जमत नाही. शिवाय रोकड घेऊन जाणारी गाडी जितकी लांब जाईल, तितका खर्च चढत जातो.

एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालण्याची सोय भारतात टप्प्याटप्प्याने आली. १९९७ साली इंडियन बँक्स असोसिएशनने मुंबईत ‘स्वधन’ हे सामायिक जाळे सुरू केले. २००४ साली हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ उभारला आणि २००९च्या डिसेंबरमध्ये तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आला. एप्रिल २००९पासून दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे काढणे ग्राहकाला मोफत झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून महिन्याला पाच व्यवहारांची मर्यादा आली. यामुळे एका गावात एकच यंत्र असले तरी ते सर्व बँकांच्या ग्राहकांच्या कामी येऊ लागले. ग्रामीण भागासाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण प्रत्येक गावात निदान एक यंत्र असेल, याची हमी या जाळ्याने दिली नाही.

शुल्काचा नियमसुद्धा जागेवर परिणाम करतो, हे रिझर्व्ह बँकेने ओळखले होते. १ नोव्हेंबर २०१४पासून मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत दुसऱ्या बँकेच्या यंत्रावरील मोफत व्यवहार पाचवरून तीनवर आणले गेले. या शहरांत यंत्रे दाट आहेत आणि ग्राहकाला स्वतःच्या बँकेचे यंत्र सहज सापडते, हे त्यामागचे कारण होते. इतरत्र पाच व्यवहार मोफत राहिले. २०१९ साली इंडियन बँक्स असोसिएशनचे मुख्य कार्यकारी व्ही. जी. कन्नन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या ठिकाणी यंत्राच्या मालकाला थोडे जास्त इंटरचेंज शुल्क मिळावे, असे तिने सुचवले. लहान गावात यंत्र चालवणे परवडावे, यासाठीचा तो मार्ग होता.

व्हाइट लेबल एटीएम: गुणोत्तराचा नियम

बँका लहान गावांत पुरेशी यंत्रे नेत नाहीत, हे दिसल्यावर रिझर्व्ह बँकेने २० जून २०१२ रोजी नवे धोरण जाहीर केले. बँक नसलेल्या कंपन्यांनाही एटीएम उभारता येईल, असे त्यात ठरले. या यंत्रांना ‘व्हाइट लेबल एटीएम’ म्हणतात. त्यांवर कोणत्याही बँकेचे नाव नसते, पण सर्व बँकांची कार्डे चालतात. २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली ही परवानगी दिली जाते आणि त्यासाठी कंपनीचे निव्वळ मूल्य किमान १०० कोटी रुपये असावे लागते.

जागेच्या नियमनाचे भारतातील सर्वांत स्पष्ट उदाहरण याच धोरणात आहे. रिझर्व्ह बँक जनगणनेच्या आकड्यांवरून गावा-शहरांचे सहा स्तर पाडते. एक लाख किंवा अधिक लोकसंख्येची ठिकाणे पहिल्या स्तरात येतात, तर ५० हजार ते एक लाखाच्या आतली दुसऱ्या स्तरात. त्यानंतर २० हजारांपासूनचा तिसरा, १० हजारांपासूनचा चौथा आणि ५ हजारांपासूनचा पाचवा स्तर येतो. पाच हजारांहून कमी वस्तीची गावे सहाव्या स्तरात मोडतात. व्हाइट लेबल कंपन्यांना तीन योजनांपैकी एक निवडायची होती. पहिल्या योजनेत पहिल्या वर्षी एक हजार यंत्रे बसवून पुढे ती वाढवायची आणि तिसऱ्या ते सहाव्या स्तरात तीन यंत्रे बसवली, की मोठ्या शहरांत एक बसवता येई. दुसऱ्या योजनेत दरवर्षी किमान पाच हजार यंत्रे आणि दोनास एक असे प्रमाण होते. तिसऱ्या योजनेत पहिल्याच वर्षी २५ हजार यंत्रांचे लक्ष्य होते आणि त्या बदल्यात एकास एक अशी सवलत होती. लहान ठिकाणच्या यंत्रांपैकी किमान दहा टक्के पाचव्या आणि सहाव्या स्तरात हवीत, ही अट तिन्ही योजनांना लागू होती.

या धोरणाखालील देशातील पहिले यंत्र महाराष्ट्रात बसले. टाटा कम्युनिकेशन्स पेमेंट सोल्यूशन्स या कंपनीने ‘इंडिकॅश’ या नावाने जून २०१३मध्ये वसईजवळच्या चंद्रपाडा गावात ते सुरू केले. मुंबईच्या इतक्या जवळ असलेल्या गावालाही पैसे काढण्याच्या सोयीची गरज होती, यावरून या धोरणाची निकड कळते.

गुणोत्तर ठरवून दिले, तरी कंपन्यांना अपेक्षित वेग गाठता आला नाही. त्यांच्याकडे स्वतःचे खातेदार नसतात. मिळकत मुख्यतः इंटरचेंज शुल्कावर असते आणि रोकडीसाठी एखाद्या बँकेवर अवलंबून राहावे लागते. डिसेंबर २०१६मध्ये स्थानिक दुकानांकडून रोकड घेण्याची मुभा त्यांना मिळाली. मार्च २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांतून आणि बँकांच्या करन्सी चेस्टमधून ठरावीक प्रमाणात थेट नोटा विकत घेण्याची, बिले भरण्याची सेवा देण्याची आणि यंत्रावर जाहिराती दाखवण्याचीही परवानगी मिळाली. जागेचे बंधन घालायचे असेल, तर त्या जागी यंत्र चालवण्याचा खर्च भागेल अशी व्यवस्थाही करावी लागते, हा या अनुभवाचा धडा आहे.

जागा सुरक्षित हवी

यंत्राची जागा हा पोलीस आणि सुरक्षेचाही विषय आहे. नोव्हेंबर २०१३मध्ये बेंगळुरूत एका बँक कर्मचारी महिलेवर एटीएमच्या खोलीत प्राणघातक हल्ला झाला. त्यानंतर कर्नाटक सरकारने यंत्राजवळ रखवालदार ठेवण्याचा आग्रह धरला आणि रखवालदार नसलेली अनेक यंत्रे बंद करायला लावली. सुरक्षेचे नियम कडक झाले, की सेवा कमी होऊ शकते, हे तेव्हा दिसले.

रिझर्व्ह बँकेने १४ जून २०१९ रोजी सर्व यंत्रांसाठी सुरक्षेचे नियम काढले. प्रत्येक यंत्र ३० सप्टेंबर २०१९पर्यंत भिंतीत, खांबाला किंवा जमिनीत पक्के रोवायला हवे, असे त्यात होते. केंद्राच्या किंवा राज्याच्या सुरक्षा दलाचा पहारा आणि पुरेसे सीसीटीव्ही कॅमेरे असलेल्या विमानतळासारख्या जागांना यातून सूट मिळाली. रोकड भरताना फक्त एकदाच चालणाऱ्या संकेतांकाचे डिजिटल कुलूप वापरणे बंधनकारक झाले. तरीही धोका पूर्ण टळलेला नाही. एप्रिल २०२२मध्ये सांगली जिल्ह्यातील आरग येथे चोरट्यांनी जेसीबीच्या साहाय्याने एटीएम उखडले. रात्री निर्मनुष्य असणाऱ्या रस्त्याकडेच्या गाळ्यात भक्कम रोवलेले यंत्रही असुरक्षित असते. वस्ती, दिवे आणि जाग असलेली जागा निवडणे, हाच त्यावरचा पहिला उपाय.

रोकड वाहतुकीसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१८ साली वेगळे नियम केले. शहरी भागात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर यंत्रात रोकड भरता येत नाही. नक्षलग्रस्त म्हणून अधिसूचित जिल्ह्यांत ही वेळ दुपारी चारपर्यंतच आहे. एका गाडीतून पाच कोटींहून अधिक रक्कम नेता येत नाही आणि गाडीबरोबर दोन सशस्त्र रक्षक लागतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात घाटरस्ते, जंगल आणि लांबचे अंतर यांमुळे आधीच मोजका असणारा वेळ या नियमाने आणखी आखडतो. एखाद्या दुर्गम गावात यंत्र नसण्यामागे किंवा असूनही ते रिकामे राहण्यामागे असे अनेक हिशेब असतात.

सर्वांना पोहोचता येईल अशी जागा

यंत्र गावात असूनही सर्वांना ते वापरता येईलच असे नाही. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तीन पायऱ्या चढून जायचे असेल, तर यंत्र त्याच्यासाठी नसल्यासारखेच. एप्रिल २००९मध्ये रिझर्व्ह बँकेने यंत्रांना रॅम्प असावा, अशी सूचना केली. नव्या यंत्रांपैकी किमान एक तृतीयांश यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळफलकाची असावीत, असेही सांगितले. त्या सूचनेत जागेचाही विचार होता. बँकांनी आपसांत ठरवून प्रत्येक परिसरात असे निदान एक यंत्र राहील, अशी आखणी करावी, असे त्यात म्हटले होते. १ जुलै २०१४पासून प्रत्येक नवे यंत्र बोलणारे आणि ब्रेल कळफलकाचे असणे बंधनकारक झाले.

यंत्र उभे असून त्यात पैसेच नसतील, तर जागेचा नियम निरर्थक ठरतो. म्हणून १ ऑक्टोबर २०२१पासून महिन्यात एकूण दहा तासांहून अधिक काळ रोकड संपलेली राहिली, तर त्या यंत्रामागे बँकेला दहा हजार रुपये दंड लागू झाला. व्हाइट लेबल यंत्राच्या बाबतीत हा दंड रोकड पुरवणाऱ्या बँकेला भरावा लागतो. एप्रिल २०२५मध्ये छोट्या नोटांविषयीही सूचना आली. ३० सप्टेंबर २०२५पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६पर्यंत ९० टक्के यंत्रांच्या निदान एका कॅसेटमधून १०० किंवा २०० रुपयांच्या नोटा मिळाव्यात, असे लक्ष्य ठरले. आठवडी बाजारात पाचशेची नोट मोडून मिळणे कठीण असते, हे ग्रामीण ग्राहक चांगलेच जाणतात.

नव्या जागांचे प्रयोगही चालू आहेत. एप्रिल २०२५मध्ये मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाने बँक ऑफ महाराष्ट्रच्या साहाय्याने मुंबई–मनमाड पंचवटी एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्यात एटीएम बसवून चाचणी घेतली. इगतपुरी ते कसारा या घाटातील बोगद्यांमुळे मोबाइल जाळ्याची जोडणी तुटून यंत्रात अडथळे आले. यंत्र कुठेही ठेवा, बँकेच्या मुख्य संगणकाशी अखंड जोडणी असल्याशिवाय ते नोट देऊ शकत नाही, हे या चाचणीत दिसून आले.

यंत्रे कमी होतात तेव्हा

२०१६पासून यूपीआय वाढले आणि बँका यंत्रांचा खर्च नव्याने तपासू लागल्या. नोव्हेंबर २०१८मध्ये एटीएम उद्योगाच्या महासंघाने नव्या नियमांचा खर्च झेपणार नसल्याचे सांगत मार्च २०१९पर्यंत देशातील जवळपास निम्मी यंत्रे बंद पडू शकतात, असा इशारा दिला होता. तसे घडले नाही. पण बसवणे जसे बँकेच्या हाती आहे, तसे काढून नेणेही आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

ज्या देशांत रोखीचा वापर आधी घटला, त्यांनी अंतराचे नियम केले आहेत. स्वीडनमध्ये १ जानेवारी २०२१पासून मोठ्या बँकांवर कायदेशीर जबाबदारी आहे. पैसे काढण्याच्या सर्वांत जवळच्या ठिकाणापासून २५ किलोमीटरहून लांब राहणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या ०.३ टक्क्यांहून जास्त असू नये. ब्रिटनमध्ये २०२३च्या वित्तीय सेवा कायद्याने रोकड मिळण्याच्या सोयीला कायद्याचे संरक्षण दिले. सरकारच्या धोरणानुसार ही सोय शहरी भागात एका मैलाच्या आणि ग्रामीण भागात तीन मैलांच्या आत असावी. सप्टेंबर २०२४पासून तेथील मोठ्या बँकांना एखादी सोय बंद करण्याआधी त्या भागाची गरज तपासावी लागते आणि उणीव दिसल्यास ती भरून काढावी लागते.

भारतातही अंतराचे माप अगदीच अपरिचित नाही. २०१९ ते २०२४ या काळासाठीच्या राष्ट्रीय वित्तीय समावेशन धोरणात प्रत्येक गावाला पाच किलोमीटरच्या आत बँकिंग सेवा मिळावी, असे लक्ष्य ठेवले होते. डोंगराळ भागात ५०० कुटुंबांच्या पाड्याचे माप धरले होते. बँकमित्राजवळचे मायक्रो एटीएम आणि आधारवर चालणारी पैसे काढण्याची सोय, यांमुळे अनेक ठिकाणी ही गरज भागते. पण बँकमित्राची वेळ ठरलेली असते, त्याच्याकडची रोकड मर्यादित असते आणि बोटाचे ठसे न जुळणाऱ्या वृद्धांना व मजुरांना परत जावे लागते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये किंवा निवृत्तिवेतन थेट खात्यात जमा होते. ते हातात येण्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडावे लागत असेल, तर त्या रकमेचा मोठा भाग वाटेतच संपतो.

पुढची दिशा

एटीएमच्या जागेचे नियमन तीन मार्गांनी होते: परवानगी, गुणोत्तर आणि अंतर. भारताने पहिला मार्ग वापरला आणि योग्य वेळी सोडला. दुसरा मार्ग व्हाइट लेबल कंपन्यांसाठी वापरला आणि त्याची मर्यादा ओळखून सवलती दिल्या. तिसरा मार्ग बँकिंग केंद्रांपुरता स्वीकारला, एटीएमपुरता नाही. गावातील शेवटचे यंत्र काढताना पुढचे यंत्र किती दूर आहे, हे पाहण्याचे बंधन बँकेवर असायला हवे. लहान गावातील यंत्रासाठी शुल्क थोडे अधिक ठेवून त्याचा खर्च भागवता येईल. ग्राहकाच्या खिशाला त्याची झळ न लागता बँकाबँकांमधल्या हिशेबातून हे होऊ शकते, कारण इंटरचेंज शुल्क कार्ड देणारी बँकच भरते.

तोपर्यंत नागरिकांच्या हातीही काही आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत जिल्ह्यातील बँकिंग सेवेचा आढावा घेतला जातो. गावात यंत्र नसेल, वारंवार रिकामे राहत असेल किंवा बंद होणार असेल, तर ग्रामपंचायतीने ठराव करून तो अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे द्यावा. जवळचे यंत्र किती किलोमीटरवर आहे आणि गावात खातेदार, निवृत्तिवेतनधारक व योजनांच्या लाभार्थी महिला किती आहेत, हे त्या ठरावात आकड्यांनिशी लिहावे. बँकेने सेवेत कसूर केल्यास आणि तिच्याकडे केलेल्या तक्रारीची दखल न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत दाद मागता येते. यंत्राची जागा बँक ठरवते, पण गरज कुठे आहे हे गावालाच ठाऊक असते. ती लेखी स्वरूपात मांडणे, हे गावाचेच काम आहे.